बाची हाळी

वाचून हसणारे हसतील, त्यांना हसू द्या. यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. ठिकाण आमचा तांडा, सेनगावहून जीपनं अर्धा तास. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वेळ मावळतीची.

मी हिरासिंग. शेती करतो आणि मोबाईलवर फोटो काढतो. सोयाबीनच्या धसकटात उभ्या रोही म्हणजे नीलगाई, दगडांत घातलेली टिटवीची अंडी, चुलीपुढं बसलेली याडी. याडी म्हणजे आमच्या गोरमाटीत आई. घरात आम्ही गोरमाटीच बोलतो, तुमच्यासाठी मराठीत लिहितोय. फेसबुकवर माझं पान आहे. रोज सकाळी एक फोटो टाकतो. पुण्याकडचे लोक 'लय भारी भाऊ' लिहितात. तांड्यातले म्हणतात, काम ना धाम, जनावरांचे फोटो काढून राहिला. हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

पानावर सगळ्यात जास्त चालला तो एक व्हिडिओ. माझ्या बाचा.

बाचं नाव प्रेमदास. संध्याकाळी विहिरीच्या काठावर उभा राहून तो माळावरच्या गुरांना हाळी द्यायचा. लांब ओ... मग थांबायचा... मग जिभेनं दोन टकटक. ती ऐकली की आमच्या गाई असतील तिथून घराकडं वळायच्या. दुसऱ्या कुणाच्या हाळीला मान वर करत नसत. व्हिडिओच्या शेवटी बा खोकतो आणि मागून माझा आवाज येतो, "झालं बा, बस."

त्या दिवाळीच्या आधी, पोळ्यानंतर बा गेला. छातीत दुखायला लागलं आणि सेनगावला नेईपर्यंत संपलं.

मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

याडीनं मात्र अन्न सोडलं. चहा घ्यायची, भाकरीचा तुकडा हातात धरून बसायची आणि तसाच ठेवून द्यायची. दवाखान्यात सलाईन लावून आणली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. माझी बायको करुणा एकदा सरळ बोलली, "याडी बाच्या मागं जाऊन राहिली. तुमाला दिसत न्हाई का?"

दिसत होतं. पण हातपाय हलत नव्हते. बधिर झालो होतो.

गुरांचंही तेच. संध्याकाळी घरी येईनात. मी माझी हाळी देऊन बघायचो, त्या ढिम्म. शेवटी काठी घेऊन जावं लागायचं. आमच्या तांड्यात माणूस गेला की त्याची हाळी बंद होते. गुरांना नव्या माणसाची नवी हाळी शिकवायची, वेळ लागला तरी. बाचे धाकटे भाऊ वसरामकाका मला दहाव्यालाच बजावून गेले होते. "गेलेल्याची हाळी रानात द्यायची न्हाई. कोण ओ देईल याचा नेम न्हाई."

दिवाळीनंतरच्या त्या दिवशी ऊन कलल्यावर याडी अंगणात बाजेवर बसली होती.

"हिरा," ती म्हणाली, "त्यायची हाळी लाव ना. तुझ्या मोबाईलमधली."

काकांचं बोलणं मला आठवलं. पण कितीतरी दिवसांनी तिनं तोंड उघडून काहीतरी मागितलं होतं. मी लग्नाच्या वरातीसाठी घेतलेला छोटा स्पीकर काढला. विहिरीवर गेलो आणि व्हिडिओ लावला.

ओ...

टकटक.

खोकला. माझा आवाज. व्हिडिओ संपला. मी स्पीकर बंद केला.

माळ गप्प होता. रोज संध्याकाळी कालवा करणारी टिटवीसुद्धा गप्प.

मग माळाच्या पलीकडून हाळी आली...

तशीच. लांब ओ, मधली शांतता, दोन टकटक. पुढचं वाऱ्यात विरून गेलं. मला वाटलं, टेकाडावर आवाज आपटून परत आला असेल. पण इतक्या वेळानं कुठला आवाज परत येतो?

गाई आल्या. पळत आल्या.

सवयीनं मी फोटो काढला. मावळतीचं ऊन, धूळ, गुरं. सकाळी पानावर टाकला. लोकांनी बदाम पाठवले. डोंगरकडा गावच्या एकानं तेवढं वेगळं लिहिलं. तोही आमच्यातलाच, गुरं वळून मोठा झालेला. 'भाऊ, तिकडं बिबट्या आहे का?'

मी फोटो मोठा करून बघितला.

वासरं मधे घेतलेली. गाई भोवती, शिंगं बाहेर. सगळ्यांची तोंडं मागं, माळावरच्या एकाच जागेकडं. त्या जागेवर गवत होतं. बाकी काही नव्हतं.

बिबट्या आमच्या भागात कुणी बघितलेला नाही. आणि बाला बघून आमची गुरं अशी कधीच उभी राहिली नसती. त्याचा हात चाटायला ती एकमेकींना ढकलायची.

पण हाळी आली त्याच रात्री याडीनं अख्खी भाकरी खाल्ली होती. वर भात मागितला.

"ते आले," एवढंच म्हणाली.

मी परत कधी तो व्हिडिओ लावला नाही. लावायची गरजच राहिली नाही. दिवेलागण झाली की हाळी आपोआप यायची. मी रोज फोटो काढत राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक फोटोत गुरं एका रिकाम्या जागेकडं बघताना दिसायची. आधी ती जागा माळावर होती. मग बांधावर. मग गोठ्याच्या दारात.

आमचा कुत्रा काकांच्या घरी राहायला गेला. भाकरी दाखवली तरी परत येईना.

इकडं याडीचे गाल भरले. दळण करताना गाणं म्हणायला लागली. करुणा दिवसाही एकटी गोठ्याकडं जात नव्हती, पण मला म्हणाली, "ती जेवून राहिली ना. मंग ऱ्हाऊ द्या." ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी राहू दिलं.

नंतर एका संध्याकाळी हाळी गोठ्यामागूनच आली. अगदी जवळून. पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आली.

लांब ओ...

टकटक.

खोकला.

आणि मग... "झालं बा, बस."

माझ्या आवाजात.

मी अंगणात उभा होतो. माझं तोंड बंद होतं.

बा आला असता तर बाचंच बोलणं आलं असतं. जे आलं होतं, त्याला फक्त व्हिडिओ पाठ होता.

याडीला कमी ऐकू येतं. ती बाजेवर जरा सरकून बसली. शेजारी जागा केली, पदर सावरला. इतकी खूश मी तिला बा असतानाही बघितली नव्हती.

"हिरा, आमचा दोघायचा फोटो काढ."

त्या वेळी सांगायला हवं होतं का? याडी, हा बा नाही. एवढंच म्हणायचं होतं. तिनं परत भाकरी हातात धरून बसायला सुरुवात केली असती, आणि या खेपेला ती वाचली नसती.

मी फोटो काढला.

फोटोत याडी एकटीच आहे, हसणारी. पण बाजेची सुतळी तिच्या बाजूला थोडीच दबलीय. दुसऱ्या बाजूला ती जमिनीला टेकायला आलीय. बा काटकुळा माणूस होता.

"आले का बराबर?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "आले."

तो फोटो मी पानावर टाकलेला नाही. मागू नका. बाचा व्हिडिओही काढून टाकलाय. तुमच्यापैकी कुणाच्या मोबाईलमध्ये असला तर पुसून टाका.

याडीची तब्येत आता चांगली आहे. तांड्यात सगळे म्हणतात, हिरानं आईला जपलं.

मागच्या आठवड्यात जेवताना तिनं सांगितलं, "ते म्हणून राहिले, चल, माळावर जाऊ."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, हिराला विचारते."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझ्याकडं बघते. मी अजून काही बोललेलो नाही.