होकार

ऋत्विक पुण्याहून आला तेव्हा सानिकाने घरातला एकमेव धड पंखा त्याच्यासाठी मागच्या खोलीत नेऊन लावला. खाडीकाठच्या भाट्ये गावातल्या त्या घरातली मागची खोली म्हणजे तिचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीला गोणपाट आणि एक उत्तम माइक. एरवी तिथे नमनाचे खेळ करणाऱ्या मंडळांची गाणी नाहीतर लग्नाच्या व्हिडिओंचे आवाज रेकॉर्ड व्हायचे. ऋत्विकला ध्यानासाठीचं इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं होतं. आठवडाभर त्याने सिंथेसायझरवर लांबच लांब सूर धरले, त्यात खाडीचं पाणी मिसळलं आणि मग म्हणाला, "यात एक जुना, खरा आवाज हवा."

तसा आवाज घरातच होता. सानिकाचे वडील काशीराम गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. ते देवाकडे मागायचे आणि दर मागण्यानंतर जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायची.

"मागायचं काय ता सांगा," बाबांनी विचारलं. "रिकामं गाऱ्हाणं घालीत नायत."

"झोप मागा," ऋत्विक हसला. "हा आवाज ज्याच्या कानावर पडेल त्याला शांत झोप लागू दे."

बाबांनी शेजारची चार माणसं बोलावली, टोपी घातली आणि मागितलं. माणसांनी दणदणीत होकार भरला. सानिकाने सगळं नीट रेकॉर्ड करून ऋत्विकच्या हवाली केलं.

मग ऋत्विकचा अल्बम 'सागरमौन' आला. चौथ्या ट्रॅकवर बाबांचा आवाज होता आणि खाली लिहिलं होतं, 'आवाज: पारंपरिक'. पारंपरिक! ज्या माणसाने जन्मभर गावासाठी घसा फोडला त्याला साधं नावसुद्धा नाही. सानिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना नावाचं काहीच नव्हतं. ते हेडफोन लावून बसले होते आणि दर मागण्यानंतर मान वर करून वाट बघत होते.

"होकार कुठाय गो?"

होकार ऋत्विकने पुण्यात कापला होता. ते ओरडणं मूड घालवतं म्हणे.

"गाऱ्हाणं असं उघडं टाकीत नायत," बाबा म्हणाले. "होकार मिळेपर्यंत ता उभंच ऱ्हातं." त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि आडवे झाले. दिवेलागणीला हाक मारून मारून उठवावं लागलं.

अल्बम तुफान चालला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहू लागले, की गोळ्या सुटल्या, वर्षांनी झोप लागली, किती ही शांती. ऋत्विकच्या मुलाखती येऊ लागल्या. एकीत त्याने सांगितलं, की हा आवाज त्याला एका ओसाड देवळात सापडला. सानिकाने फोन भिंतीवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. बाबांचं नाव घेणारा निरोप एकच आला, गुहागरला दिलेल्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा, झरीनचा. 'काशीकाकांचा आवाज ना गो? माझा फैझान दुसऱ्या कशानेच झोपत नाय.' चार महिन्यांचं बाळ ते. तेवढा निरोप वाचून तिला बरं वाटलं.

मग एका परदेशी बाईने व्हिडिओ टाकला. चौथा ट्रॅक चालू, नवरा गाढ झोपलेला. बाबांचं मागणं संपतं, जागा मोकळी येते आणि त्या गोऱ्या माणसाचे ओठ हलतात. दोनच शब्द. उच्चार वाकडा, पण शब्द स्पष्ट.

व्हय म्हाराजा.

खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं, की आमच्याकडेही असंच होतं, हे शब्द कुठल्या भाषेतले? ऋत्विकने त्यावर हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

तोवर बाबा उठायचे बंद झाले होते. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, सगळे रिपोर्ट चांगले आले. माणूस झोपलाय, एवढंच ते सांगू शकले. सानिका चमच्याने पाणी पाजायची. घोट जायचा, डोळे उघडायचे नाहीत.

तिने ऋत्विकला फोन लावला.

"तो ट्रॅक काढ. नाहीतर होकार परत घाल. माझे बाबा उठत नाहीयेत."

"सानिका, शांत हो. लोकांना किती बरं वाटतंय त्यातून. तूही ऐक ना जरा."

तिने फोन बंद केला. भर दुपार होती. शेजारी कुणीतरी सुकट भाजत होतं, रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. सगळं जग बाबांच्या जिवावर घोरत पडलं होतं. तिला ऋत्विकचा राग आला, त्या गोऱ्याचा आला, शांती शांती म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आला. बाबांची टोपी डोक्यावर चढवून ती स्टुडिओच्या मधोमध उभी राहिली. माइक बंद होता. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

"बा देवा म्हाराजा, काशीरामाची लेक तुझ्यापुढे उभी हाय. माझ्या बापाच्या आवाजावर ज्यांनी ज्यांनी झोप काढली, त्यांची त्यांची झोप काढून घे, आणि माझ्या बापाला उठव!"

होकार भरायला कोणी नव्हतं.

पलीकडच्या खोलीतून बाबांचा झोपेतला आवाज आला. "व्हय म्हाराजा."

मग स्पीकरमधून. स्पीकरची वायर काढलेली होती.

बायका, पुरुष, म्हातारे. वाकड्या, परक्या जिभांचे. सगळे एका सुरात, झोपेत.

व्हय म्हाराजा.

सगळे थांबल्यावर एक राहिलेला आवाज आला. त्यात शब्द नव्हते. तोंडातल्या तोंडात केलेला नुसता इवलासा हुंकार.

"सानिका, चाय टाक गो," बाबांनी हाक मारली.

ती धावली. बाबा उठून बसले होते. तिने त्यांना मिठी मारली, रडली, चहा केला. त्यांनी बशीत ओतून दोन घोट घेतले आणि तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं.

"मागितलंस काय?"

तिने सांगितलं. बाबांनी बशी खाली ठेवली.

"आणि होकार?"

"मिळाला."

बाबांनी तिच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. फोन वाजला. झरीन होती.

"सानिका, काकांचं गाणं लावलंय, तरी फैझान झोपत नाय गो."

"रडतोय?"

"नाय. हसत पण नाय. नुसता बघत पडलाय. मघापासून त्याची पापणीच मिटली नाय."