चौथ्या मजल्यावरची फणी

जपानातल्या आमच्या ह्या किल्ल्याच्या मनोऱ्यात जोडे काढूनच शिरावं लागतं. आतली लाकडी जमीन शेकडो वर्षं पायांनी घासून आरशासारखी झालीये. दाराशी जोड्यांच्या फडताळापाशी मी बसते. लोक येतात, उभ्या जिन्यांना नावं ठेवत चढतात, वरून तळं आणि डोंगर बघून खूश होऊन उतरतात. चौथ्या मजल्यावर मात्र कुणी फारसं रेंगाळत नाही.

किल्ल्याला वेढा पडला तेव्हा तिथे गडावरच्या बायका बसायच्या. आपल्या शिपायांनी कापून आणलेली शत्रूची मुंडकी त्यांच्यापुढे यायची. त्या ती धुवायच्या, केस विंचरायच्या आणि दात काळे रंगवायच्या. त्या काळी बडी माणसंच दात काळे करत, म्हणून काळे दात म्हणजे बडा सरदार. असं मुंडकं आणलं की बक्षीस मोठं. त्यांच्यातल्याच कुणाची तरी लाकडी फणी तिथे काचेच्या पेटीत असते.

गेल्या शरदात ती फणी नाहीशी झाली. पेटीचं कुलूप जसंच्या तसं. किल्ल्या दोघांकडेच, माझ्याकडे आणि वरचे मजले बघणाऱ्या इवासेसानकडे. मला वाटे त्यांनी घेतली, त्यांना वाटे मी. इतकी वर्षं आम्ही एका किटलीतला चहा प्यायलो. आता ते घरी निघाले की मी त्यांच्या पिशवीकडे बघायची, आणि ते माझ्या बाह्यांकडे.

एका संध्याकाळी बंद करायच्या वेळी फडताळात पुरुषाच्या बुटांचा एक जोड उरला.

"वर कुणी राहिलंय का?" मी विचारलं.

"आत्ताच बघून आलो. कुणी नाही."

"मग हे बूट काय स्वतः चालत आले?"

इवासेसाननी बॅटरी उचलली. "तुम्ही थांबा, सुगानोसान. मी जाऊन येतो."

"एकटे? मी पण येते."

"या की. तुमचे गुडघे वर पोचेपर्यंत उजाडेल."

"उजाडू दे. तुमच्यावर नजर तरी राहील."

तोंड वाकडं करून ते पुढे झाले. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, त्यामुळे आत अंधार दाटला होता. तिसऱ्या मजल्यावर मला वास आला. आंबलेला, गंजलेल्या लोखंडासारखा. आणि वरून आवाज... सर्र... सर्र... कुणीतरी सावकाश केस विंचरत होतं.

आवाज थांबला. इवासेसानचा श्वास मला ऐकू येत होता.

चौथ्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून एक तरुण गुडघे दुमडून बसला होता. अंगात कोट, टाय. केस ओले, चापूनचोपून मागे वळवलेले. शेजारी जमिनीवर फणी.

"सापडला चोर!" इवासेसाननी त्याची कॉलर धरली. "कुठून घेतलीस ही?"

"मी नाही घेतली... त्या बाईंनी हलू नकोस म्हटलं..." तो वळला. बॅटरीच्या उजेडात त्याचं तोंड उघडं होतं. आत एकही दात पांढरा नव्हता.

त्याला मात्र काहीच कळलेलं नव्हतं. "माझं झालं म्हणाल्या," तो पुटपुटला. "जाऊ का आता?"

इवासेसाननी फणी उचलली. "तुम्ही ह्याला खाली न्या. मी ही पेटीत ठेवून येतो."

फणी सापडल्यावर ह्यांना आता एकट्याने काय करायचंय? संशय आला, खोटं कशाला बोलू! पण तो वास सोसवेना. मी पोराचा हात धरून उतरले. बाहेरच्या नळावर आरशात पाहून तो किंचाळलाच. किती चुळा भरल्या, रुमालाने किती घासलं. शेवटी तोंडावर हात दाबून तो बसमध्ये चढला.

इवासेसान बऱ्याच वेळाने उतरले.

"एवढा वेळ?"

"कुलूप अडत होतं," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते तोंडाला मास्क लावून आले. म्हणाले, सर्दी झालीये. बर्फ पडून वितळलं, साकुराची गुलाबी फुलं फुलून झडली, सर्दी काही गेली नाही. चहासुद्धा ते भिंतीकडे तोंड करून पितात.

एकदा मला राहवलं नाही. "इवासेसान, मास्क काढा. दाखवा बघू."

त्यांनी मास्क आणखी वर ओढला. मग अगदी हळू म्हणाले, "आधी तुम्ही दाखवा."

मी हसले. माझ्याकडे काय आहे दाखवायला? ते हसले नाहीत.

परवा आमचे दोन्ही कप घासायला घेतले. त्यांचा निळा कप स्वच्छ होता. माझ्या पांढऱ्या कपाच्या कडेला, ओठ टेकतात तिथे, काळी रेघ उमटली होती. राखेने घासली, मिठाने घासली... निघत नाही.