टोपल्याखालचं पीठ

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा जार आणायला गेलो, एवढंच काम होतं. परत येईपर्यंत लाईट गेली होती.

तनुजाताई, माझी मोठी बहीण, जाऊन आठवडा होत आला होता. नवऱ्यानं टाकल्यापासून ती पोरीला, सोनियाला, घेऊन आमच्याकडंच राहायची; शहराच्या कडेला, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या शेडच्या मागं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून शिसं रक्तात उतरलं. शेवटी ताईच्या हिरड्यांवर निळी रेघ आली होती. आता तशीच रेघ सोनियाच्या हिरड्यांवर दिसायला लागली होती.

ताईनं जिथं जीव सोडला तिथं दिवा, पाण्याचा ग्लास, आणि पीठ पसरून वर पालथं टोपलं. ग्लासातलं पाणी उतरलं का, पिठात पाऊल उमटलं का, हे सकाळी बघायचं. रोज ग्लास काठोकाठ भरलेला, पीठ कोरं.

"रुसलीय," माय म्हणाली.

"तू बोअरचं पाणी ठेवतीस, म्हणून ती पीत नाय! त्याच पाण्यानं मारलंय तिला."

"लई शहाणा झालास. आम्ही बी तेच पितो. आमाला काय झालं?"

मी ग्लास मोरीत रिकामा केला. जारचं सील फोडून भरला. "आता पी, ताई," म्हणालो आणि मला रडू फुटलं. सोनियासाठी तांब्याही जारमधूनच भरून तिच्या उशाशी ठेवला.

मग दिव्यापाशी बसलो. शेडचा जळका वास खोलीत भरला होता. चुलीकडच्या अंधारात हंडा कलंडला.

"माय… तू हायस का तिकडं?"

"मी तुझ्या शेजारी बसलेय रं…"

मग कळशी पडली. पाणी सावकाश वाहत माझ्या पायापर्यंत आलं. शेवटी काहीतरी जड आडवं झालं आणि गडगड करत रिकामं होत राहिलं. मी आणलेला जार.

दिवा उचलला. ग्लास तसाच भरलेला. टोपलं जागेवर, पण खाली पीठ नव्हतं. अंथरुणावर सोनिया जागी होती. तांब्या लवंडलेला. तिच्या तोंडावर पिठाचा पंजा उमटलेला, करंगळी अर्धी. ताईची करंगळी प्रेस मशीनमध्ये तुटली होती.

सकाळी दुकानदाराची गचांडी धरली. "कुठून भरतोस जार?"

"बोअरवरनं… शेडला लागून हाय ना, तिथनं."

क्रांती चौकाजवळ माझा दोस्त झीशान राहतो. त्याच्याकडून नळाचं पाणी आणलं. माय आता वाद घालत नव्हती. तिनं स्वतः ग्लास भरून दिव्यापाशी ठेवला. ते पाणी दुपारपर्यंत अर्ध्यावर उतरलं. माय हात जोडून रडली.

पण सोनिया पीत नाही. काल संध्याकाळपासून थेंब नाही. ओठ तडकलेत.

"पी ना बाळा, चांगलं पाणी हाय. तुझ्या आईनं बी पिलं."

ती मान हलवते. बोट ओठांकडं नेते, पण ते ओठांना टेकत नाही. अलीकडंच थांबतं, मध्ये काहीतरी असल्यासारखं.