अजून एक यायची आहे

शेवटच्याचं काम दिसायला अगदी सोपं असतं. सात सायकली एकामागे एक चालल्या आहेत आणि तुम्ही सातवे. चढ आला, वळण आलं, फाटक आलं की रांग तुटते. पुढचा कप्तान वेग कमी करतो. मग मागचे सगळे पुन्हा एकमेकांच्या चाकाला लागले की सातव्याने ओरडून सांगायचं, "सगळे आहेत." एवढं ऐकलं की कप्तान जोर लावतो. तो मागे वळून बघत नाही. क्लबचा रिवाजच आहे तसा, त्याच्या आजोबाच्या वेळेपासूनचा. शेवटच्याने सांगितलं म्हणजे सांगितलं.

रोवेनाने नोव्हेंबरात हे दोन शब्द न बघता उच्चारले होते.

नेविल तेव्हा पंक्चर काढायला रस्त्याकडेला उतरला होता. तिला वाटलं, तो पुढे गेला. "सगळे आहेत," ती म्हणाली आणि सगळे निघून गेले. चार तासांनी एका मेंढपाळाला तो सापडला. डाव्या पायाची करंगळी डॉक्टरांना काढावी लागली. नेविल भला माणूस. दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला, "बूट जरा सैल होतो आता, बाकी काही नाही." त्यावर सगळे हसले, रोवेना सोडून. तिने शेवटचं काम सोडत असल्याची चिठ्ठी लिहून कप्तान हेडलीला दिली. हेडलीने ती चिठ्ठी वाचली आणि त्याच कागदाने सायकलची चेन पुसली.

"फेब्रुवारीत शंभर मैलांची फेरी आहे," तो म्हणाला. "शेवटी तू."

"मी नाही. दुसरं कोणीही ठेव."

"दुसऱ्या कोणाला शेवटी ठेवलं तर तो गाणी म्हणत येईल. तू मोजत येशील."

या फेब्रुवारीच्या फेरीचा नियम मोठा दुष्ट आहे. सात निघाले तर सातांनीच परत यायचं, तेही एकत्र आणि संध्याकाळी सहाच्या आत. तरच गावातल्या हॉलच्या लाकडी पाटीवर सगळ्यांची नावं चढतात. एक जरी गळाला तरी कोणाचंच नाव नाही. तीन वर्षं पाटी कोरी होती. रोवेनाला खरं तर पाटीचं फारसं काही नव्हतं. तिला फक्त त्या हॉलच्या अंगणात उभं राहून एकदा ते दोन शब्द खरे म्हणायचे होते. दोन महिने तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आठला निघाले तेव्हा पाऊस आणि बर्फ यांचं आपसांत काही ठरत नव्हतं. दोन्ही पडत होते. पुढे हेडली, त्याच्या मागे खिसे भरून ओटच्या वड्या घेतलेला बेकरीवाला ऑस्विन, मग ॲग्नेस आणि हिल्डा या बहिणी, मग नेविल, मग कथबर्ट आणि शेवटी रोवेना.

"आज माझ्याकडे पायाची बोटं नऊच आहेत," नेविल निघताना तिला म्हणाला. "मोजताना घोळ नको."

"तू गप्प पुढे बघ."

कथबर्टच्या मागची जागा म्हणजे खरं तर चैन. एकाहत्तर वर्षांचा गडी, पण पाठ कपाटाएवढी. समोरून कितीही वारा येऊ दे, त्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून बसलं की घरात बसल्यासारखं वाटायचं. वाईट एकच. त्याचं मागचं मडगार्ड तोकडं होतं आणि त्याच्या चाकाचा सगळा चिखल मागच्याच्या तोंडावर उडायचा.

"कथबर्ट, त्या मडगार्डला एखादा तुकडा जोड रे. सकाळपासून माती खातेय."

"फुकट मिळतंय तर नावं ठेवू नये, पोरी," तो पुढूनच म्हणाला.

पंचाहत्तर मैल असेच गेले. बोटं बधिर झाली, मोज्यांत पाणी भरलं, ॲग्नेसने हवामानाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण रांग धड होती. रोवेनाने तोपर्यंत अकरा वेळा "सगळे आहेत" म्हटलं होतं, आणि अकराही वेळा दोनदा मोजून.

अडीचच्या सुमाराला माळाचा चढ लागला. वर जावं तसं धुकं दाट होत गेलं आणि पावसाने अखेर बर्फ व्हायचं ठरवलं. ओल्या लोकरीचा आणि कुजलेल्या गवताचा वास, बाकी काही नाही. दोन्हीकडचे दगडी गडगेसुद्धा दिसेनासे झाले. माथ्यावर मेंढ्यांसाठी लाकडी फाटक आहे. ते शेवटच्याने लावायचं असतं. ते उघडं टाकून गेलात तर तिथले शेतकरी पुढची दहा वर्षं तुमच्या क्लबाला विसरत नाहीत.

"मी इथं थांबतो," कथबर्ट फाटकापलीकडे जाऊन म्हणाला. "सावकाश घे."

कडी गोठली होती. रोवेनाने दाताने हातमोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी ती ठोकून बसवली. मिनिटभर लागलं असेल, फार तर दोन. ती वळली तेव्हा कथबर्टचं पिवळं जाकीट दहा पावलांवर हळूहळू पुढे सरकत होतं. ती सायकलवर बसली, चार पेडल जोरात मारले आणि त्याच्या चाकामागे जाऊन लागली. हायसं वाटलं तिला.

माळावरचा रस्ता सरळसोट, आणि वारा नेमका समोरून. रोवेनाच्या छातीवर तो असा बसत होता की श्वास घ्यायला तोंड बाजूला वळवावं लागत होतं. मांड्या पेटल्या. आपण दमलो, तिला वाटलं. वय झालं आता आपलंही. पिवळी पाठ समोर हातभर अंतरावर, तशीच शांत, एका लयीत चाललेली.

"मागे काय?" पुढून हेडलीचा आवाज आला.

त्याच वेळी धुकं थोडं विरळ झालं. तिने मोजलं. हेडली, ऑस्विन, दोघी बहिणी, नेविल, कथबर्ट. सहा पाठी. पुन्हा मोजलं. सहाच.

तिने सांगायला तोंड उघडलं, आणि वारा थेट घशात गेला.

ती तोंड मिटायचं विसरली. समोर कपाटाएवढी पाठ आहे. आपण तिच्या मागे हातभर अंतरावर आहोत. मग हा वारा... हा येतोय कुठून?

तिने चष्म्यावरून हात फिरवला. काच स्वच्छ होती. फाटकापासून इथपर्यंत चिखलाचा एक थेंब उडाला नव्हता.

"कथबर्ट," ती हळूच म्हणाली. "अरे... कथबर्ट."

पाठ वळली नाही. पेडल फिरत होते, पण चेनचा आवाज नव्हता.

मग तिने जे केलं ते कुठलाही सायकलवाला शुद्धीत असताना करणार नाही. पुढच्याच्या चाकाला आपलं चाक लागलं की मागचा आपटतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. रोवेनाने दात आवळले, जोर लावला आणि आपलं पुढचं चाक सरळ त्याच्या मागच्या चाकावर घातलं.

काही लागलं नाही. तिचं चाक वीतभर आत गेलं. हातभर गेलं. पिवळं जाकीट तिच्या हँडलच्या मध्ये आलं आणि तिला फक्त गार वाटलं.

"नाही!" ती ओरडली. "हेडली, थांब. सगळे नाहीत!"

ब्रेक करकरले. पाच सायकली थांबल्या, ती सहावी. समोरचा रस्ता नेविलपर्यंत मोकळा होता. "कथबर्ट नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"आत्ता तर होता," हिल्डा म्हणाली. "मी वळून पाहिलं ना. तुझ्या पुढेच होता."

"तो नव्हता तो."

सगळ्यांत आधी सायकल वळवली ती नेविलने.

"सव्वातीन झालेत," ऑस्विन म्हणाला. "पाटीचं काय?"

"खड्ड्यात गेली पाटी," हेडली म्हणाला. "चला."

फाटक तिने लावलं तसंच लागलेलं होतं. त्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर रस्ता सोडून उजवीकडे मेंढ्यांची पायवाट फुटत होती आणि तिथल्या ताज्या बर्फात चाकांची एक रेघ गेली होती. एकाच सायकलची. रोवेनाने सायकल टाकली आणि धावत सुटली. बर्फ पोटऱ्यांपर्यंत आला, गडगा संपला, पुढे जमीन उतरायला लागली. तिथं जुनी दगडाची खाण आहे, हे तिला माहीत होतं. तिच्या काठाला कुंपण नाही, हेही माहीत होतं.

कथबर्ट खाणीच्या काठावर होता. सायकलवर बसलेला, एक पाय जमिनीला टेकलेला, दुसरा पेडलवर तयार. पुढचं चाक अर्धं काठाबाहेर. हातमोजे काढून त्याने खिशात नीट कोंबले होते. डोळे अर्धवट मिटलेले.

"निघायचं का?" तिच्याकडे न बघता तो म्हणाला.

तिने त्याच्या जाकिटाला दोन्ही हातांनी धरलं आणि मागे ओढलं. दोघं बर्फात पडले. मागून नेविल आला, हेडली आला. ॲग्नेसने थर्मासचं झाकण दातांनी उघडलं. गोड चहा, ऑस्विनच्या वड्या, हिल्डाची टोपी, सगळं त्या म्हाताऱ्यात आणि म्हाताऱ्यावर. नेविलने पिशवीतून कोरडे मोजे काढले आणि त्याच्या पायात चढवले.

"माझ्याकडे जास्तीचे असतात," तो म्हणाला. "बोटं कमी आहेत ना."

कथबर्ट आधी कापायला लागला, मग खोकला, मग त्या वड्या शिळ्या आहेत म्हणाला. तेव्हा रोवेना मोठ्याने रडली. तिने ते लपवलंही नाही.

चार वाजले होते, बावीस मैल बाकी होते, वारा तोंडावर होता. आसपास घर नव्हतं, दवाखाना होता तो हॉलच्याच गावात. शहाण्या माणसाने पाटीचा विचार केव्हाच सोडला असता. पण माणूस जिवंत सापडला की अंगात काय शिरतं कोण जाणे. हेडलीने कथबर्टला मधोमध घेतलं. पुढे दोन मिनिटं एक, मग दुसरा, मग तिसरा, आळीपाळीने सगळे वारा अंगावर घेत राहिले. रोवेना शेवटीच होती. आता ती पाठी मोजत नव्हती. दर मैलाला नावं पुकारत होती आणि प्रत्येकाने तोंडाने ओ द्यायची होती.

"कथबर्ट!"

"आहे गं, आहे. किती वेळा मरू?"

तोंडावर चिखल उडत होता. डोळ्यांत, दातांत, नाकात. इतकी चविष्ट माती तिने आयुष्यात खाल्ली नव्हती.

माळ उतरला, बर्फाचा पुन्हा पाऊस झाला, खाली गावाचे दिवे दिसले. ऑस्विन गायला लागला. शेवटच्या चढावर कथबर्टच्या पाठीला एका बाजूने हेडलीचा हात होता, दुसऱ्या बाजूने नेविलचा. सहाला आठ मिनिटं कमी असताना ते हॉलच्या अंगणात शिरले. दारात माणसं गोळा झाली होती. रोवेनाने पाय टेकला. एकेका चेहऱ्यापाशी जाऊन, एकेका खांद्याला हात लावून तिने सहाही जण पाहिले, सातवी ती स्वतः. मग सगळं गाव ऐकेल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "सगळे आहेत."

काय टाळ्या पडल्या म्हणता. नावं त्याच संध्याकाळी रंगवली. रोवेनाचं नाव नेविलने स्वतः लिहिलं, आणि चुकलेलं अक्षर पुसून पुन्हा लिहिलं. डॉक्टरीणबाई घोंगडी आणि शेगडी सांगून, कथबर्टला चार शिव्या देऊन गेल्या. शेगडीपाशी मटारच्या सूपाचे वाडगे घेऊन सगळे एकदम बोलत होते. कथबर्टच्या गालांवर रंग आला होता. रोवेना त्याच्या शेजारी बसली.

"तू रस्ता सोडून गेलास कशाला?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या मागे आलो की." त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "तू फाटक लावलंस आणि माझ्या पुढून निघालीस. निळं जाकीट तुझं. म्हटलं, पोरगी रस्ता जाणते. आणि काय आडोसा होता गं तुझा. वारा म्हणून लागला नाही. ऊबच वाटायला लागली, हातमोजेसुद्धा काढले मी."

"मी तुझ्या मागे होते, कथबर्ट."

मग त्याने वाडगा खाली ठेवला.

"मग तू थांबलीस," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "वळली नाहीस. नुसतं विचारलंस, सगळे आहेत का म्हणून. तू पुढे, म्हणजे शेवटचा मी. म्हणून मी 'सगळे आहेत' म्हणणार, तेवढ्यात... माझ्या मागून उत्तर आलं."

"कोणाचं?"

"बरेच जण होते. दमलेले आवाज. म्हाताऱ्यांचे, बायकांचे. म्हणून तर तिथं ताटकळत उभे होतो आम्ही."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, नाही. अजून एक यायची आहे."

शेगडीत लाकूड फुटलं. पलीकडे ऑस्विनने पुन्हा गाणं सुरू केलं होतं आणि ॲग्नेस त्याला गप्प बस म्हणत होती. रोवेनाने खाली ठेवलेला वाडगा उचलून कथबर्टच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्याभोवती घट्ट दाबून धरली.

"बसू देत वाट बघत," ती म्हणाली.