वेशीचे दरवाजे मिटताना

सिद्धेश पहिल्यांदा आला तो चुकून! निघाला होता बंदर बघायला आणि शिरला ज्ञानदाच्या घोळक्यात. ज्ञानदा युरोपातल्या जुन्या शहरांवर पीएचडी करत होती आणि दर शनिवारी हौशी लोकांना चारशे वर्षांपूर्वीचं हॅम्बर्ग हिंडून दाखवायची. चूक कळल्यावरही हा विमानांचा इंजिनिअर हलला नाही... आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर! मग दर शनिवारीच.

"तेच तेच ऐकून कंटाळत नाही तुम्ही?" तिने एकदा विचारलंच.

"तेच कुठे? मागच्या वेळी पाणक्यांना तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. चुटपुट लागली हो मला!"

ती हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

आज पावसामुळे कुणीच फिरकलं नव्हतं. तो मात्र उभा, नखशिखांत भिजलेला.

"एकट्यासाठी बोलाल?"

"बोलेन की!"

कालव्याकाठच्या उंच घरांपाशी ती रंगात आली. "खाली वखार, मधे संसार, माळ्यावर पुन्हा माल! एकाच छपराखाली व्यापार, पाळणा, भांडणं... काय हुशार माणसं होती! अहो, वर बघा ना, माझ्याकडे काय बघताय?"

"म्हणजे..." तो चाचरला. "तिकडे पार दक्षिणेला हेर्त्सोगेनआउराख म्हणून गाव आहे, तिथल्या एका कंपनीने बोलावलंय. पुढच्या महिन्यात रुजू व्हा म्हणतात."

"अरे वा!" ती म्हणाली खरी, पण पुढची घरं न दाखवताच भराभर चालू लागली. चारशे वर्षांपूर्वीचं सगळं तोंडपाठ, आणि आजचं एक वाक्य फुटत नव्हतं.

"इथे वेस होती," शेवटी ती कशीबशी म्हणाली. "अंधार पडायच्या आत घंटा व्हायची. लोक धापा टाकत पळत यायचे. मग दरवाजे बंद."

"आणि जो बाहेर राहिला, त्याने काय करायचं?"

"त्याने..." ती त्याच्याकडे वळली. या माणसाला आता जाऊ दिलं तर आपण जन्मभर पस्तावू, हे तिला लख्ख कळलं. "मला नाही माहीत! तू जाऊ नकोस, सिद्धेश. दर आठवड्याला काहीतरी नवं शोधून आणते ना, ते तुझ्यासाठी. प्रबंध तसाच पडलाय माझा!"

त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. मग हळूच म्हणाला, "कालच नकार कळवलाय त्यांना. पण तुझ्या मनात काही नसतं, तर तुझ्यासाठी राहतोय हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि मला एवढं घाबरवलंस!" ती छत्री उगारून धावली. त्याने छत्री अलगद काढून घेतली आणि तिचा हात धरला.

ज्ञानदाने तो सोडवून घेतला नाही.