दुसरी खेप

मोटार ठेवायची की विकायची, यावर सदाशिवरावांच्या घरात दोन महिने खल चालला होता. गाडी अडतीस सालची, विलायती, काळी. चढावर धापा टाकायची आणि पावसात रुसून बसायची. तिचे सुटे भाग मिळवायचे म्हणजे अख्खं कलकत्ता पालथं घालावं लागे. तिकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यातल्या नव्या लँडमास्टरसाठी वर्षभरापूर्वी नाव नोंदवलेलं होतं आणि आता पत्र आलं होतं. पंधरा दिवसांत गाडी घेऊन जा, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला देऊ.

"मला नाही विकायची," सुनीतीबाई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "घरातली वस्तू आहे ती."

"वस्तूच आहे. माणूस नव्हे."

"हो. तुम्हाला तो फरक चांगला कळतो."

यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली. सतरा वर्षांची लीना दाराशी उभी होती. तिचा जन्म इथलाच, शाळा बंगाली. "बाबा, ही गाडी विकला तर आत्या कशी ओळखेल आपल्याला?" ती म्हणाली.

"विकला नव्हे, विकली," आईने दुरुस्त केलं.

आत्या म्हणजे सदाशिवरावांची धाकटी बहीण, सरला. ती विसाव्या वर्षीच विधवा झाली आणि भावाच्या आश्रयाला आली. सेहेचाळीसच्या ऑगस्टात दंगल पेटली, तेव्हा हे सगळे मानिकतल्याला भाड्याच्या घरात राहत होते. सकाळी जरा सामसूम दिसल्यावर सदाशिवरावांनी गाडी काढली आणि गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत आपल्या साहेबांच्या आउटहाउसमध्ये हलायचं ठरवलं. ट्रंका टपावर बांधल्या. पुढे ते स्वतः आणि देवांची पेटी. मागे सुनीतीबाई, आठ वर्षांची लीना आणि एक जागा. त्या जागेवर सदाशिवरावांनी शिवणयंत्र ठेवलं.

"दादा, मी लीनाला मांडीवर घेते की," सरला म्हणाली होती.

"मग यंत्र कुठे ठेवू, डोक्यावर? तासाभरात दुसऱ्या खेपेला नेतो तुला. बोचकं बांधून तयार राहा."

ते दुसऱ्या खेपेला गेले, पण खिदिरपूरच्या पुलावरून सैनिकांनी त्यांना परत पाठवलं. तीन दिवसांनी पोलिसांच्या गाडीतून गेले तेव्हा पायरीवर बोचकं होतं, सरला नव्हती. ती कधीच सापडली नाही.

ही हकीगत घरात नऊ वर्षं सांगितली जात होती. तिच्यातला पूल तेवढा खोटा होता. सदाशिवराव पुलापर्यंत गेलेच नव्हते. वसाहतीच्या कोपऱ्यावर, कोळशाच्या वखारीमागे, घामाने निथळत ते तासभर गाडीत बसून राहिले आणि परत आले. एवढंच. हे फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि गाडीला.

सदाशिवराव रेल्वेचे माणूस. रोज संध्याकाळी मीटरवरचा मैलांचा आकडा एका कार्डावर तारखेसह टिपायचा, ही त्यांची जुनी खोड. कार्डं भरली की दाराच्या खिशात रबर लावून ठेवायची. गाडी गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून सोमवारी त्यांनी ती धुऊन गॅरेजात लावली, आकडा टिपला आणि ऑफिसात चालतच जायला लागले. आकडा होता एकतीस हजार चारशे बारा.

मंगळवारी सकाळी सहज नजर गेली तर चारशे सत्तावीस. आपलीच वाचण्यात चूक झाली असणार, असं म्हणून त्यांनी नवा आकडा टिपला. बुधवारी चारशे बेचाळीस. त्यांनी लीनाला विचारलं. "मला गाडी चालवायला येतो का, बाबा?" ती हसून म्हणाली. माळी बिचारा गाडीला हात लावायलाही भ्यायचा. किल्ली त्यांच्याच जानव्याला बांधलेली होती.

पंधरा मैल. इथून मानिकतल्याला जाऊन यायला बरोबर पंधरा मैल लागायचे. हा हिशेब मनात आला तशी त्यांनी मान झटकली. मीटरचा कुठलातरी दात घसरला असेल. यंत्र म्हटलं की हे चालायचंच.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी बॅटरी काढून व्हरांड्यात आणून ठेवली. गुरुवारी सकाळी आकडा पंधराने पुढे होता. बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. बॉनेट गरम होतं, नुकतीच लांबून आलेली गाडी असावी तसं. गॅरेजात पेट्रोलचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक, कापूर घातलेल्या खोबरेलाचा. सरलाच्या केसांना असा वास यायचा.

त्यांनी माळ्याला हाताशी घेऊन चारही चाकं काढली. गाडी विटांच्या थप्प्यांवर ठेवली.

"हे काय चाललंय?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"टायर तपासायचेत. गिऱ्हाईक येतंय."

शुक्रवारी पंधरा मैल.

शनिवारीही पंधरा.

आता घाई लागली ती एकाच गोष्टीची, गाडी घरातून जाऊ दे. चारुदत्त नावाचा बँकेतला तरुण अधिकारी नागपूरहून बदलून आला होता, त्याला त्यांनी रविवारीच बोलावलं. चाकं पुन्हा चढवली, बॅटरी बसवली. लीनाला म्हणाले, "आतलं काही आपलं राहिलंय का बघून घे." बोलून गेले आणि मग त्यांना कार्डांची आठवण झाली.

नऊ वर्षांत त्यांना दंगलीच्या दिवसाचं ते कार्ड कितीदा तरी फाडावंसं वाटलं होतं. पण त्या दिवशी त्यावर खोटा आकडा लिहायला हात धजला नव्हता, तसाच नंतर ते फाडायलाही धजला नाही. घरच्या माणसांशी ते खोटं बोलले होते. कार्डाशी त्यांना तसं बोलता आलं नव्हतं.

ते लगबगीने गॅरेजात गेले. लीना मागच्या सीटवर बसली होती, दाराला अगदी चिकटून. मांडीवर कार्डं पसरलेली.

"बाबा, हे तुमचंच अक्षर ना?"

"कुठलं कार्ड आहे?"

"पहिली खेप, मानिकतला ते गार्डन रीच. आकडा नऊ हजार आठशे सहा." तिचं बोट खालच्या ओळीवर आलं. "दुसरी खेप. नऊ हजार आठशे सहा."

सदाशिवरावांनी कार्डासाठी हात पुढे केला. लीनाने ते दिलं नाही.

"पूल तर चार मैल आहे, बाबा. तुम्ही गेलाच नव्हता."

घरातून शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती. ती थांबली. गॅरेजच्या दाराशी सुनीतीबाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या, ते कळलं नाही. त्यांनी लीनाच्या हातातून कार्ड घेतलं, दोन्ही ओळी वाचल्या आणि परत दिलं.

"विका ही गाडी," त्या म्हणाल्या. "आता ठेवायचं काही कारण उरलं नाही."

त्या आत गेल्या. शिवणयंत्रावर लाकडी झाकण पडल्याचा आवाज झाला. त्या घरात ते यंत्र पुन्हा चाललं नाही.

चारुदत्त आला, गाडीवर खूश झाला. दोन दिवसांनी ती घेऊनही गेला. जाण्याआधी सदाशिवरावांनी आकडा पाहिला. रविवारपासून तो एका मैलानेही हलला नव्हता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा छातीवरची शिळा उतरल्यासारखं त्यांना वाटलं. घरात कुणी बोलत नव्हतं, ताट समोर आदळलं जात होतं. पण ते निवळेल. बोलणं काय, कधी ना कधी सुरू होतंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लँडमास्टर आली. हिरवी, चकचकीत, गादीवर अजून कारखान्याचा कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवरावांनी तिला झेंडूची माळ घातली, चाकांपुढे नारळ फोडला. सुनीतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं.

त्याच वेळी चारुदत्त सोनं द्यायला आला.

"गाडी कशी आहे?" सदाशिवरावांनी आपट्याची पानं घेत विचारलं.

"फक्कड! मागच्या सीटला तेवढा खोबरेलाचा वास यायचा. वहिनींना म्हणणार होतो, तेलाची बाटली सांडली होती का म्हणून. पण कालपासून तोही गेला."

"कालपासून?"

"हो. दुपारपर्यंत होता."

लँडमास्टर काल दुपारीच आली होती.

चारुदत्त गेला. दुर्गेची मिरवणूक बघायला घाटावर जायचं ठरलेलं होतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सदाशिवराव स्टिअरिंगपाशी बसले. शेजारची जागा मोकळीच राहिली. मायलेकी मागे बसल्या.

त्यांनी आरशात पाहिलं. लीना डाव्या दाराला टेकलेली, सुनीतीबाई उजव्या दाराला. खांदे आखडलेले, पदर आवरून घेतलेला. मधली गादी रिकामी.

आपल्याला शिक्षा चाललीय, त्यांच्या मनात आलं. चालू दे.

"नीट बसा की," ते शक्य तितक्या सहज म्हणाले. "जुन्या गाडीसारखी अडचण नाही इथे. चांगली ऐसपैस जागा आहे."

सुनीतीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"कुठे आहे जागा, बाबा?" लीना म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारावं तसं तिने विचारलं आणि आणखी थोडी दाराकडे सरकली.

सदाशिवरावांनी गाडी सुरू केली. मागे, मधल्या गादीवरचा कारखान्याचा कागद हळूच चुरचुरला आणि दबून बसला.