सात नंबरच्या खाटेची प्रत

वायरवाल्या दादांना काम तसं साधंच सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर खाटेखाटेला लावलेल्या मॉनिटरचे आकडे अधूनमधून नर्सच्या टेबलापर्यंत पोचत नव्हते. वाटेत कुठे अडकतात ते शोधायचं. सगळ्या खाटांच्या वायरी तळघरातल्या ज्या नेटवर्क स्विचला येऊन मिळत, त्याच्यापाशी दादा स्टूल टाकून बसले. प्रत्येक खाटेच्या पोर्टमधून जे जाईल त्याची हुबेहूब प्रत त्यांनी एका मोकळ्या पोर्टवर वळवली आणि तिथून वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एकेका खाटेची रेघ उड्या मारू लागली. सात नंबरची रेघ त्यांच्या ताईची होती. कामाच्या नावाखाली आजारी बहिणीवर नजर ठेवता येतेय, म्हणून स्वारी जरा खुशीत होती.

पंख्यांची घरघर, ओल्या भिंतीचा कुबट वास. चार नंबरची रेघ एकाएकी आडवी झाली. सापडलं एकदाचं, असं म्हणत त्यांनी वर फोन लावला.

"सिस्टर, चारचा मॉनिटर बंद पडलाय का?"

"नाही हो, छान चालू आहे. चहा गार दिला म्हणून आजोबा माझ्याशी भांडतायत."

दादांनी सगळं पुन्हा तपासलं. कुठे काही चुकलं नव्हतं. थोड्या वेळाने फोन वाजला.

"दादा... तुम्हाला कसं कळलं? आजोबा आत्ता गेले."

योगायोग, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग नऊची रेघ आडवी झाली. या खेपेला त्यांनी वर फोन लावला नाही. चहा पिऊन कप विसळावा एवढ्यात घाबरलेल्या सिस्टरचाच फोन आला. नऊच्या बाईही गेल्या होत्या. प्रत खरं तर मुळाच्या मागून यायला हवी. इथे ती पुढे धावत होती.

आता सातवरून नजर हलेना. मन चिंती ते वैरी न चिंती. आईमागे ताईनेच त्यांना वाढवलं होतं. ती गेली तर 'जेवलास का' असं विचारणारं कुणी उरणार नव्हतं. रेघ अजून चालली होती, पण ती थांबलेली बघायचा त्यांना धीर होईना. त्यांनी वायर उपटली आणि जिन्याने पळत सुटले.

ताई उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर चांगली तरतरी होती. दादांना दारातच हुंदका फुटला.

"परत आलास?" ताई म्हणाली. "आत्ताच तर गेलास."

"मी? मी खालीच होतो, ताई."

"पुरे तुझी मस्करी. इथे बसला होतास, धापा टाकत. हात तर कसला गार... पाणी मागितलंस. मी बाटली उचलेपर्यंत..."

"उचलेपर्यंत काय?"

ताईने शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. "दिसलाच नाहीस. म्हटलं, कामाचा माणूस, गेला असेल."

दादांनी दाराची चौकट धरली. धाप काही आवरत नव्हती. घशाला कोरड पडली होती. काही झालं तरी पाणी मागायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी घट्ट धरलं.

"बस आधी. काय दम लागलाय तुला," असं म्हणत ताईने आपणहून बाटलीकडे हात नेला.